पामचं बी वाळवू नका

सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी, गॅलरीत किंवा जिन्यात अरेका पामची कुंडी आहे? बघा, निम्म्याहून जास्त हात वर आले. आता ज्यांनी तो बियांपासून वाढवलाय, त्यांनीच हात वर ठेवा. दोन. म्हणजे बाकी सगळ्यांनी विकत आणलाय. त्यातले कितीतरी पहिल्याच उन्हाळ्यात वाळून गेले असतील, ते मी विचारत नाही!

आधी पाम हे झाड कसं आहे ते समजून घेऊ. गुलाबाची काडी खोचली की लागते. आंब्याचं कलम बांधता येतं. पामचं तसं होत नाही. तो गवताच्या, ज्वारीच्या बाजूचा, म्हणजे एकदल. बहुतेक पामांना एकच खोड आणि एकच शेंडा असतो. शेंडा मेला की झाड संपलं, बाजूने फांदी फुटत नाही. अरेका बेटाने वाढतो, त्याचे फुटवे वेगळे करता येतात, पण नर्सरीतली अरेकाची भरगच्च कुंडी बहुधा एकत्र लावलेल्या अनेक रोपांची असते. थोडक्यात, नवा पाम हवा तर बी हाच रस्ता.

आणि इथेच आपण सोलापूरकर चुकतो. आपला जिल्हा ज्वारीचा. बियाणं म्हटलं की ते कडक उन्हात वाळवायचं आणि कोरड्या जागी ठेवायचं, हे आपल्या अंगात मुरलंय. मीही तेच केलं. ओळखीच्या एका बंगल्याच्या आवारातून अरेकाची पिकलेली फळं आणली, गच्चीवर आठवडाभर वाळवली, डब्यात भरली आणि पावसाळ्यात पेरली. साठ बिया. एकही उगवली नाही. मी मातीला दोष दिला, खताला दिला. दोष माझ्या गच्चीवरच्या उन्हाचा होता.

बहुतेक शोभेच्या पामांचं बी ओलसर असतं, तोवर जिवंत असतं. ते फार वाळलं की आतला कोंब मरतो. फ्रिजमध्ये ठेवलं तरी मरतो, कारण हे उष्ण प्रदेशातलं बी, त्याला थंडी सोसत नाही. बाहेरून मात्र ते होतं तसंच टणक दिसतं, त्यामुळे फसायला होतं.

याला एक मोठा अपवाद आहे, खजूर. त्याचं बी वाळवलेलं चालतं. इस्रायलमध्ये मसादाच्या किल्ल्यात उत्खननात सापडलेलं सुमारे २००० वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ मध्ये रुजवलं आणि त्याचं झाड झालं! म्हणून ज्यांना हात बसवायचा आहे, त्यांनी रमजानमध्ये बाजारातून आणलेल्या खजुराच्या बियांपासून सुरुवात करा. पण खजुरावरून अरेकाची परीक्षा करू नका.

आता कृती सांगतो. फळ झाडावर पिकून रंग बदललेलं हवं, हिरवं नको. गर पूर्ण काढून टाका, नाहीतर बुरशी धरते. भेर्ली माडाची फळं असतील तर हातमोजे घाला, त्याच्या गराने हाताला भयंकर खाज सुटते. बी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला. मग कोकोपीट ओलं करून मुठीत घट्ट पिळा. पाणी गळता कामा नये, नुसता ओलावा राहिला पाहिजे. त्यात बिया मिसळा, प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा, वर तारीख लिहा आणि घरात सावलीत उबदार जागी ठेवा. पिशवी उन्हात ठेवली तर बिया शिजतील.

या बियांना ३० ते ३५ अंशांची ऊब मानवते. थंड देशांतले लोक त्यासाठी विजेच्या गाद्या वापरतात, आपल्याला ती फुकट मिळते. आपली अडचण कोरड्या हवेची आहे आणि बंद पिशवी तीच सोडवते. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात, रोज पाणी न मागणारी ही पद्धत सोयीची. होळीपासून दसऱ्यापर्यंत ताजं बी मिळेल तेव्हा लावा. थंडीत ते रेंगाळतं.

अरेका साधारण एक-दोन महिन्यांत उगवतो. सगळ्या बिया एकदम उगवत नाहीत, काही फार मागे राहतात. पिशवी लगेच फेकू नका.

खजूर आणि शिंदी यांची एक गंमत आहे. बीमधून आधी एक पांढरा दोरा निघून खाली जातो आणि रोप बियापासून थोडं लांब वर येतं. म्हणून त्यांना उथळ ट्रे नको, दुधाच्या पिशवीसारखी खोल पिशवी हवी. कोणताही पाम असो, रोपाला चिकटलेलं बी तोडू नका. त्यातूनच त्याला अन्न मिळत असतं. पहिलं पान पामसारखं चिरलेलं नसतं, गवतासारखं दिसतं. आमच्याकडे ते तण समजून उपटलं गेलंय!

नुसती काळी माती कुंडीत घालू नका, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. माती, वाळू आणि शेणखत मिसळा. बोअरच्या क्षारांनी पानांची टोकं करपतात, तेव्हा पावसाचं पाणी साठवून वापरा. पहिले दोन उन्हाळे दुपारचं ऊन लागू देऊ नका, सकाळचं कोवळं ऊन पुरे.

शेवटी एक गोष्ट. रस्त्याकडेला आपण ज्याला 'बॉटल पाम' म्हणतो, तो बहुतेक वेळा रॉयल पाम असतो. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड या छोट्या बेटावरचा. तिथे माणसांनी शेळ्या आणि ससे सोडले. मोठी झाडं उभी होती, पण उगवलेलं प्रत्येक रोप खाल्लं जात होतं. फुटवा नाही, कलम नाही. रोप गेलं की पुढची पिढीच गेली. शेवटी रानात बोटांवर मोजण्याइतकी जुनी झाडं उरली. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे तिथून हटवले, तेव्हा रोपं पुन्हा जगू लागली. आज तो पाम जगभरच्या बागांत आहे, कारण कुणीतरी त्याचं बी ताजं असताना लावलं.

आपल्याकडे झाडाखाली पडलेल्या बिया रोज सकाळी झाडून कचऱ्यात जातात. परवानगी घ्या, मूठभर उचला आणि घरी गेल्यावर उन्हात नाही, पाण्यात टाका.

आता प्रश्न विचारा.