स्ट्रॅटफर्डचा कालवा : स्थळ, संहिता आणि पुरावा

साहित्य आणि स्थळ यांच्या संबंधाची चर्चा करताना स्थळ ही लेखनाची सामग्री असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. लेखनाने स्थळाच्या भवितव्यात केलेल्या हस्तक्षेपाकडे तुलनेने कमी लक्ष जाते. इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालव्याचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

बर्मिंगहॅमजवळच्या किंग्ज नॉर्टनपासून शेक्सपिअरच्या जन्मगावापर्यंत जाणारा हा कालवा सुमारे ४० किलोमीटर लांबीचा आहे. १७९३ साली पार्लमेंटने त्यास मंजुरी दिली. परंतु निधीअभावी काम वारंवार रखडले आणि तो एव्हन नदीस मिळण्यास १८१६ साल उजाडले. दक्षिणेकडील भागात काटकसरीच्या खुणा आजही दिसतात. तेथील पुलांच्या मध्यावर एक फट ठेवलेली आहे. नाव ओढणाऱ्या घोड्याचा दोर त्या फटीतून पार होई. त्यामुळे पुलाखालून घोड्यासाठी वाट काढण्याचा खर्च वाचला. एडस्टोन येथील सुमारे १४५ मीटर लांबीचा जलसेतू हा इंग्लंडमधील बिडाचा सर्वांत लांब जलसेतू होय. कालवा पूर्णत्वास नेणारे विल्यम जेम्स रेल्वेचेही आद्य पुरस्कर्ते होते, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. १८५०च्या दशकात कालवा रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेला आणि त्यावरील वाहतूक क्रमशः ओसरली.

१९४४ साली एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ हे कालव्यांवरील प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते वाचून रॉबर्ट एकमन यांनी रोल्ट यांच्याशी संपर्क साधला आणि त्यातून १९४६ साली ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. मे १९४७मध्ये रोल्ट यांनी या कालव्याच्या उत्तर भागातून आपली नाव नेण्याचा हक्क बजावला. वाट अडविणारा पूल त्यासाठी उचलावा लागला. एकमन पुढे भयकथालेखक म्हणून ख्यात झाले. संस्थेत काम केलेल्या एलिझाबेथ जेन हॉवर्ड यांची ‘थ्री माइल्स अप’ ही कथा १९५१ साली एकमन यांच्यासमवेतच्या संग्रहात आली. नकाशावर नसलेल्या कालव्यात शिरलेल्या नावेची ती कथा आहे.

नकाशावरून पुसले जाण्याचे हे भय निव्वळ काल्पनिक नव्हते. १९५८ साली वॉरिकशायर कौंटी कौन्सिलने एका पुलाच्या पुनर्बांधणीचा खर्च टाळण्यासाठी दक्षिण भाग कायदेशीररीत्या परित्यक्त ठरवावा, अशी मागणी केली. तीन वर्षांत त्याचा वापरच झालेला नाही, असा तिचा आधार होता. दोन होडीवाल्यांनी जपून ठेवलेल्या जकातीच्या पावतीने तो आधार ढासळला आणि १९५९ साली मागणी फेटाळली गेली. त्यानंतर नॅशनल ट्रस्टने हा भाग भाडेपट्ट्याने घेतला. डेव्हिड हचिंग्ज यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवक, सैनिक आणि कैदी यांनी गाळ उपसला व जलपाशांची दारे बसविली. ११ जुलै १९६४ रोजी राजमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला.

प्रवासवर्णन, भयकथा आणि जकातीची पावती या तिन्ही संहितांचे सामर्थ्य भिन्न प्रतीचे आहे. प्रवासवर्णनाने वाचकांतून कार्यकर्ते घडविले. भयकथेने लोपाची जाणीव रूपात आणली. वापराचा कायदेशीर पुरावा मात्र कलाहीन पावतीनेच पुरविला. वाङ्मयीन मूल्य आणि सामाजिक परिणाम यांना एकच मोजपट्टी लावता येत नाही, हे येथे स्पष्ट होते.

तथापि या यशाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. रोल्ट यांना कालव्याइतकीच नावाड्यांच्या श्रमजीवनाची आस्था होती. धोरणविषयक मतभेदांतून १९५१ साली ते संस्थेबाहेर पडले. कालव्याच्या दक्षिण भागाचा कारभार १९८८ साली ‘ब्रिटिश वॉटरवेज’कडे व २०१२पासून ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’कडे आला. आज तेथे मुख्यतः सहलीच्या नावा चालतात. पाणी राहिले, मालवाहू नावांचा संसार गेला. त्या संसाराचा वृत्तान्त आता रोल्ट यांच्यासारख्यांच्या लेखनातच शोधावा लागतो.