पडद्याअलीकडची नर्स

पश्चिम क्वीन्सलँड, ऑस्ट्रेलिया

गावाकडून, किनवटहून फोन आला की एक प्रश्न ठरलेला: "तिकडं सगळं कॉम्प्युटरवरच असेल, नाही का?" नाही. इथं दुरून होणारी बहुतेक तपासणी साध्या फोनवर होते. जानेवारी 2022 पासून ती सरकारी विमा योजनेत कायमची आली. पण फॅमिली डॉक्टरनं फोनवर तपासायचं, तर त्यानं गेल्या 12 महिन्यांत रुग्णाला एकदा तरी समोर बसवून पाहिलेलं असावं, असा साधारण नियम आहे.

ही सवय जुनी आहे. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकानं 1928 मध्ये क्लोनकरी गावातून विमानानं डॉक्टर पाठवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी पायडल मारून चालणारा रेडिओ आला. मग दूरच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या गेल्या. प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टरनं नंबर सांगायचा, घरातल्या बाईनं गोळी काढून द्यायची. डॉक्टरचा सगळा भरवसा त्या बाईच्या डोळ्यांवर.

तोच भरवसा आज मला मिळतो. आमच्या छोट्या दवाखान्यात रात्री डॉक्टर नसतो. छातीत दुखतं म्हणून गुरांच्या कुरणावरच्या एका कामगाराला आणलं. मी ईसीजी काढून पाठवला, टाउन्सव्हिलचा डॉक्टर पडद्यावर आला. त्यानं आलेख पाहिला आणि मला विचारलं, "तुला कसा वाटतोय?" मी म्हटलं, रंग बरा नाही, घाम गार आहे. त्यानं लगेच विमान मागवलं. घामाचा गारवा कॅमेऱ्यात दिसत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

माझी मावसबहीण किनवट तालुक्यात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बीएएमएस झालेली, वर सहा महिन्यांचा कोर्स केलेली, नोकरी मात्र कंत्राटी. 'ई-संजीवनी' या सरकारी दूरतपासणी सेवेवर ती रुग्णाला डॉक्टरशी जोडून देते. तिला कुणी विचारत नाही, "तुला काय वाटतं?" वरून विचारतात ते, आज किती कॉल झाले. त्यामुळं सोबतच्या सिस्टरनाही हे काम म्हणजे रजिस्टरमधला आणखी एक रकाना वाटतो. त्यांना मी दोष देणार नाही.

परवा तिच्याकडे एक कोलाम आजी आली. रात्री जेवलं की तासाभरानं उजव्या बरगडीखाली कळ येते, ती पाठीत जाते, असं तिनं हातानं दाखवत कोलामीत सांगितलं. आशाताईनं ते मराठीत आणलं, बहिणीनं नीट ऐकलं. नेटवर्क जाता-येता फॉर्ममध्ये उरलं एवढंच: पोटदुखी. पलीकडून ॲसिडिटीची गोळी आली. बहिणीला पित्ताशयात खडे असल्याचा संशय होता. पण सांगणार कधी? पुढचा कॉल लागला होता. शेवटी तिनंच आजीला सोनोग्राफीसाठी गोकुंद्याच्या रुग्णालयात पाठवलं.

इथं रुग्णाला इंग्रजी येत नसेल तर सरकारी दुभाषा फोनवर मिळतो, रात्रीसुद्धा. ही सोय 1973 पासून आहे. त्याचा मला मनापासून हेवा वाटतो. किनवटला तर दुभाषी बाहेरून आणायलाही नकोत. कोलामी, गोंडी, बंजारा, तेलुगू बोलणाऱ्या आशाताई गावागावांत आहेत. कॉलवर त्यांना बसवा आणि त्या वेळेचे पैसे द्या. फॉर्ममध्ये माझ्या बहिणीच्या मतासाठी चार ओळींची जागा ठेवा, आणि पलीकडच्या डॉक्टरनं ती वाचल्याशिवाय औषध लिहू नये.