विश्लेषण : मिठावर जगलेल्या हालस्टाटला पर्यटकांची गर्दी नकोशी का झाली?

मे २०२३ मध्ये ऑस्ट्रियातल्या हालस्टाट या गावात दोन लाकडी कुंपणे उभी राहिली. जिथे उभे राहून पर्यटक सेल्फी काढतात, नेमकी तिथेच. समोरचा तलाव, त्याच्या काठाला चिकटलेली घरे, चर्चचे टोकदार शिखर आणि मागचे डोंगर हा जगभर फिरलेला देखावा त्या फळ्यांनी झाकून टाकला. समाजमाध्यमांवर टीका झाली आणि कुंपणे लगेच काढलीही गेली. पण प्रश्न मिटला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गावकरी फलक घेऊन रस्त्यावर उतरले, गावाकडे येणारा बोगद्यातला रस्ता त्यांनी काही काळ अडवून धरला. गावाची लोकसंख्या जेमतेम साडेसातशे. हंगामात एका दिवसात येणारे पर्यटक मात्र १० हजारांपर्यंत. एवढ्याशा गावात एवढे लोक का येतात आणि जिथे पर्यटनावरच अनेकांची चूल पेटते, तिथले लोक त्याच पर्यटनाविरुद्ध घोषणा का देतात?

हालस्टाट हे ‘बाजारगाव’ म्हणजे काय?

ऑस्ट्रियात दोन हजारांहून अधिक स्थानिक स्वराज्य संस्था आहेत. त्यातल्या काही शहरे, काही साधी गावे आणि सातशेहून अधिक ‘मार्क्टगेमाइंड’, म्हणजे बाजाराचा दर्जा असलेली गावे. गावापेक्षा मोठे, शहरापेक्षा लहान. आपल्याकडच्या ‘कसबा’ या शब्दाच्या जवळ जाणारी ही कल्पना. मध्ययुगात बाजार भरवण्याचा हक्क राजाकडून किंवा सरदाराकडून मिळवावा लागे. तो मिळाला की व्यापार आणि कर गावात येत आणि तिथल्या रहिवाशांना काही विशेष अधिकार मिळत. आज हा दर्जा मानापुरता उरला आहे.

हालस्टाटला तो १३११ मध्ये मिळाला. राजा पहिला आल्ब्रेख्ट याची विधवा राणी एलिझाबेथ हिने तो दिला. हे औदार्य नव्हते. मिठाचे उत्पादन नीट लावून देणे, हा त्यामागचा हेतू होता. या गावाची कोणतीही गोष्ट सांगायला घेतली की ती मिठाशीच येऊन थांबते. नावातला ‘हाल’ हा भागही मिठाशी जोडला जातो. ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीत मिठाच्या अनेक जुन्या गावांच्या नावांत तो आढळतो. आसपासच्या प्रदेशाचे नावही साल्झकामरगुट. ‘साल्झ’ म्हणजे मीठ आणि ‘कामर’ म्हणजे राजाचा खजिना.

डोंगरात मीठ कुठून आले?

आपल्याकडे मीठ म्हटले की समुद्र आणि मिठागरे आठवतात. पण उपवासाला वापरतात ते सैंधव खाणीतून निघते. हालस्टाटचे मीठही त्याच जातीचे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे असलेला उथळ समुद्र आटला, त्याचे मीठ थरांत साठले आणि आल्प्स उचलले गेले तेव्हा तेही डोंगरात वर गेले. गावाच्या डोक्यावर, तलावापासून सुमारे ३५० मीटर उंचीवर एक दरी आहे. खाण तिथे आहे.

या डोंगरातून माणूस किमान सात हजार वर्षे मीठ काढतो आहे. हरणाच्या शिंगापासून केलेली एक कुदळ तिथे सापडली, ती त्या काळातली मानली जाते. पण खरी चकित करणारी गोष्ट म्हणजे मिठाने काय काय टिकवून ठेवले. मिठात जंतू वाढत नाहीत, म्हणून लोणचे टिकते. त्याच न्यायाने लाकडी टेकू, लोकरीच्या कापडाचे रंगीत तुकडे, पाठीवर मीठ वाहण्याच्या कातडी पिशव्या, जळालेल्या मशालींच्या काड्या अशा साध्यासुध्या वस्तू इथे तीन हजार वर्षे राहिल्या. २००३ मध्ये खाणीत एक लाकडी जिना सापडला. त्याच्या लाकडातली वर्षवलये मोजली तेव्हा झाडे इसवी सनापूर्वी १३४४ आणि १३४३ या वर्षांत तोडल्याचे निघाले. युरोपात टिकून राहिलेला हा सर्वांत जुना लाकडी जिना समजला जातो. पायऱ्यांचा कल हवा तसा जमवता येईल अशी त्याची रचना आहे.

खाणकामगारांची विष्ठाही टिकली. हसू नका, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे २७०० वर्षांपूर्वीच्या नमुन्यात निळ्या चीजमध्ये वापरली जाणारी बुरशी आणि बिअरचे यीस्ट सापडले. म्हणजे दिवसभर डोंगराच्या पोटात राबणारी ही माणसे चीज खात होती, बिअर पीत होती. खाणीत लहान मापाची पादत्राणेही मिळाली आहेत. मुलेही कामाला होती, हे त्यावरून कळते.

‘हालस्टाट संस्कृती’ हे नाव कसे पडले?

१८४६ मध्ये खाणीचा अधिकारी योहान गेओर्ग रामझाउअर याला वरच्या दरीत थडगी दिसली. त्या काळात असे काही सापडले की मौल्यवान वस्तू काढून बाकीचे फेकून देण्याची रीत होती. रामझाउअरने तसे केले नाही. १८६३ पर्यंत त्याने सुमारे ९८० थडगी उघडली आणि प्रत्येकात काय कुठे होते याची नोंद ठेवली. सांगाडे, तलवारी, भांडी, दागिने यांची जलरंगातली चित्रे इसिडोर एंगल याने काढली. वस्तूंची संख्या २० हजारांच्या आसपास जाते. त्यात बाल्टिक किनाऱ्यावरचा अंबर होता आणि हस्तिदंताच्या मुठीची तलवारही. डोंगराच्या कुशीतल्या या वस्तीचा व्यापार किती दूरवर पोहोचला होता, हे त्यावरून दिसते. १८७४ मध्ये स्वीडिश पुरातत्त्वज्ञ हान्स हिल्डेब्रांड याने युरोपच्या आरंभीच्या लोहयुगाला हालस्टाटचे नाव दिले. साधारण इसवी सनापूर्वी ८०० ते ४५० हा तो कालखंड. तेव्हापासून शेकडो किलोमीटर दूर सापडलेल्या तलवारीलाही ‘हालस्टाट काळातली’ म्हणतात. एका छोट्या बाजारगावाला याहून मोठी ओळख मिळणे अवघड. व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे संशोधक आजही इथे उत्खनन करत आहेत.

मीठ राजाचे, मग गावाला काय?

मीठ म्हणजे महसूल. त्यामुळे हाब्सबर्ग राजघराण्याने हा प्रदेश खजिन्याची मालमत्ता म्हणून घट्ट हातात ठेवला. डोंगरात पाणी सोडून मीठ विरघळवायचे, ते खारे पाणी बाहेर आणायचे आणि मोठ्या कढयांत आटवायचे, अशी पद्धत होती. आटवायला लाकूड लागे, आणि ते इतके लागे की जवळपासची जंगले पुरेनात. यावर काढलेला तोडगा भारी होता. लाकूड खाणीपाशी आणण्याऐवजी खारे पाणीच लाकडापाशी न्यायचे. १५९५ ते १६०७ या काळात हालस्टाटपासून एबेनझेपर्यंत सुमारे ४० किलोमीटरची नळवाहिनी टाकली गेली. त्यासाठी १३ हजार झाडांची खोडे आतून पोखरली. तिला जगातली सर्वांत जुनी औद्योगिक नळवाहिनी म्हणतात. नळ बदलले, मार्ग साधारण तोच आहे, आणि खारे पाणी आजही एबेनझेकडेच जाते.

राजाचा धाक मिठापुरता नव्हता. सोळाव्या शतकापासून इथल्या बऱ्याच कामगारांनी प्रोटेस्टंट पंथ धरला होता आणि दरबार कॅथलिक होता. १७३४ मध्ये सम्राट सहावा चार्ल्स याने साल्झकामरगुटमधल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना बोटींत घालून डॅन्यूब नदीमार्गे ट्रान्सिल्वेनियात, म्हणजे आजच्या रोमानियात, पाठवायला सुरुवात केली. काही वर्षांत सहाशेहून अधिक माणसे अशी घराबाहेर काढली गेली. योगायोग असा, की त्याच १७३४ साली खाणीत मिठात रुतलेला एका प्राचीन खाणकामगाराचा देह सापडला होता. पुढे १७८१ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याच्या सहिष्णुता आदेशाने प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा मिळाली. छायाचित्रांत दिसणारे काठावरचे टोकदार शिखराचे चर्च त्यांचेच. ते १८६३ मध्ये पुरे झाले. कॅथलिक चर्च त्याच्या वर, डोंगरउतारावर आहे.

रंगवलेल्या कवट्यांची खोली कशासाठी?

पाठीशी कडा, पुढ्यात तलाव. घरे एकमेकांच्या डोक्यावर बसल्यासारखी. १७५० च्या मोठ्या आगीत खालचा बाजार जळाला, तो पुन्हा उभा राहिला तोही तेवढ्याच जागेत. १८९० मध्ये कडा फोडून पश्चिम काठाने रस्ता झाला. तोवर गावात यायचे तर बोटीने किंवा पाऊलवाटेने. काही ठिकाणी तर माळ्यांतून जाणाऱ्या अरुंद वाटेने एका घरातून दुसऱ्या घराकडे जात.

जिवंतांना जागा नाही, तिथे मेलेल्यांना कुठून असणार? कॅथलिक चर्चच्या अंगणातली दफनभूमी अगदी लहान आहे. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनी थडगे उघडून अस्थी बाहेर काढत आणि जागा दुसऱ्याला देत. कवटी स्वच्छ करून उन्हात पांढरी होऊ देत. मग कपाळावर नाव, कधी तारीख, भोवती पानाफुलांची माळ रंगवून ती शेजारच्या प्रार्थनागृहाखालच्या खोलीत ठेवत. आज तिथे १२०० हून अधिक कवट्या आहेत, त्यातल्या ६०० च्या वर रंगवलेल्या. घराण्यानुसार त्या शेजारी शेजारी मांडल्या आहेत. बाहेरच्याला हे भयंकर वाटते. पण थडगे कायमचे मिळणार नाही हे माहीत असलेल्या लोकांनी नाव तेवढे पुसू दिले नाही, असेच याकडे पाहावे लागते. विसाव्या शतकात दहनाची पद्धत रुळली आणि ही प्रथा थांबत गेली. शेवटची कवटी १९९५ मध्ये ठेवली गेली, १९८३ मध्ये वारलेल्या एका स्त्रीची. तिची तशी इच्छा होती.

आज गाव जगते कशावर?

खाण चालू आहे, पण तिथे माणसे थोडी लागतात. १८७३ मध्ये सुरू झालेली लाकूडकामाची शाळा अजून आहे. तिथे सुतारकामाबरोबर वाद्ये आणि बोटी बनवायलाही शिकवतात. सपाट बुडाच्या लाकडी नावा, ज्यांतून पूर्वी मीठ जाई, त्या तलावात अजून दिसतात. कॉर्पस क्रिस्टीच्या सणाला याच तलावात नावांची मिरवणूक निघते. ती १६२३ पासूनची सांगतात. रेल्वे १८७७ मध्ये आली, पण पलीकडच्या काठाने. त्यामुळे आजही गाडीतून उतरायचे आणि बोटीत बसून गावात यायचे. बाकी सारे पर्यटन. हॉटेले, खानावळी, दुकाने, खाणीची सफर.

गर्दी एवढी कशी वाढली?

१९९७ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला. २००६ मध्ये ‘स्प्रिंग वॉल्ट्झ’ या कोरियन मालिकेत गाव दिसले आणि आशियातून पर्यटक येऊ लागले. पुढची गोष्ट कुणी रचून सांगितली असती तर खरी वाटली नसती. २०११ मध्ये गावकऱ्यांना कळले की चीनमधली एक कंपनी त्यांच्या गावाची हुबेहूब प्रतिकृती बांधते आहे आणि त्यासाठी मापे-छायाचित्रे गुपचूप घेऊन झाली आहेत. ग्वांगडोंग प्रांतात ती २०१२ मध्ये खुली झाली. आधी संतापलेल्या गावाचे महापौर उद्घाटनाला हजर राहिले. नक्कल पाहिलेल्यांना मग अस्सल पाहायची इच्छा होणार, हे ओघानेच आले. डिस्नेच्या ‘फ्रोझन’मधले राज्य याच गावावरून घेतले, अशी वदंताही पसरली. आता भारतीय सहल कंपन्यांच्या युरोप कार्यक्रमांतही हालस्टाट असते.

अडचण माणसांच्या संख्येइतकीच त्यांच्या थांबण्याची आहे. बसने आलेला पर्यटक छायाचित्र काढतो आणि निघतो. गावात तो खर्च फारसा करत नाही, आवाज आणि धूर मात्र मागे ठेवतो. लोक अंगणात शिरतात, वर ड्रोन फिरतात, अशा रहिवाशांच्या तक्रारी आहेत. ‘इथे लोक राहतात, कृपया शांतता राखा’ अशा अर्थाच्या पाट्या गावाला लावाव्या लागल्या. दुकान ज्याचे आहे त्याला गर्दी हवी, शेजारी राहणाऱ्याला ती नको. बऱ्याचदा ही दोन्ही माणसे एकाच घरातली असतात.

उपाय काय केले?

२०२० पासून सहलीच्या बसना आधी वेळ आरक्षित करावी लागते. दिवसाला ठरावीक बसच आत येतात आणि आल्यावर काही किमान वेळ थांबावेच लागते. आंदोलकांना एवढ्याने समाधान नव्हते. रोजच्या पर्यटकांवर कमाल मर्यादा घाला आणि संध्याकाळी पाचनंतर बस बंद करा, या त्यांच्या दोन मागण्या होत्या. पर्यटक निदान एक तृतीयांशाने कमी व्हावेत असे महापौरही म्हणाले, पण येणाऱ्याला पूर्णपणे रोखण्याचा मार्ग नाही, हेही त्यांनी कबूल केले. बसना वेळ नेमून देता येते, पण स्वतःच्या गाडीने किंवा पलीकडच्या स्थानकावरून बोटीने येणाऱ्याला ती लागू होत नाही.

तुम्ही सहलीच्या तयारीत असाल, तर एक रात्र मुक्काम करा. संध्याकाळी बस परतल्या की बाजारचौक रिकामा होतो आणि गावकरी आपल्या कुत्र्यांना फिरवायला काठावर येतात.