तांब्यावरची उलटी रेघ

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा चौथ्या शतकातील ताम्रपट १९३९ साली येथेच मिळाला. पत्रा हातात धरून वाचायचा, म्हणून त्यावरील अक्षरे सुलट कोरलेली आहेत. त्याच पत्र्याला शाई लावून तो कागदावर दाबला तर मजकूर उलटा उमटेल. छपाईसाठी कोरायचे तर आरशात दिसते तसे कोरावे लागते.

ही अडचण अठराव्या शतकात लंडनच्या एका सुताराने आणि त्याच्या नक्षीकाराने मिळून हाताळली. थॉमस चिपेंडेलने १७५४ मध्ये लाकडी सामानाच्या नमुन्यांचे मोठे पुस्तक काढले. त्यात खुर्च्या, कपाटे, पलंग यांची १६० चित्रपाने होती. बहुतेक पाने मॅथ्यू डार्ली याने तांब्यावर कोरली. चित्राखाली डावीकडे रेखाटणाऱ्याचे नाव, उजवीकडे कोरणाऱ्याचे! श्रेय वाटून देण्याची ही रीत आपणही उचलण्यासारखी होती, असे मला वाटते.

तांबेच का? ते पोलादी कोरणीने कापता येण्याइतके मऊ असते, पण भुगा होऊन सुटत नाही. कड स्वच्छ राहते. दुसरी रीत रसायनाची. पत्र्यावर मेण व राळ यांचा थर द्यायचा, सुईने रेघ ओढून तांबे उघडे करायचे आणि वर नत्राम्ल ओतायचे. उघडे तांबे विरघळते, मेणाखालचे वाचते. चिपेंडेलच्या पुस्तकात दोन्ही रीती वापरल्या आहेत.

आता छपाई. सगळ्या पत्र्यावर शाई चोपडून पृष्ठभाग पुसून घेतला की ती फक्त खाचांत उरते. वर ओलसर कागद ठेवून पत्रा उसाच्या चरकासारख्या दोन लाटांमधून दाबून काढायचा. मऊ झालेला कागद खाचेत शिरून शाई उचलतो. आपल्याकडचे मोर्तबाचे शिक्के आठवा. तेही उलटेच कोरलेले, परंतु तिथे शाई उंच भागाला लागते, म्हणून काळ्या ठशात अक्षरे पांढरी दिसतात. म्हणजे उलटे कोरणे आपल्या कारागिराला नवे नव्हते; नवी होती ती खाचेतली शाई आणि लाटांचा दाब.

खुर्चीच्या बाबतीत उलटसुलटीचे फारसे बिघडत नाही, कारण खुर्चीची डावी बाजू उजवीसारखीच असते. चिपेंडेलने याचा चतुर उपयोग केला. एकाच खुर्चीचा डावा पाय एका घाटाचा, उजवा दुसऱ्या! सुताराने आवडेल ती बाजू घ्यावी आणि दुसरीकडे तिचेच प्रतिबिंब करावे. एका पत्र्यात दोन नमुने बसले आणि कोरणाऱ्याची मेहनत वाचली. सममिती शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

अक्षरांना मात्र ही सवलत नाही. वर्गात मुळाक्षरांशेजारी आरसा उभा धरून पाहा. ‘ठ’ तसाच राहतो, बाकीची बहुतेक अक्षरे बदलतात.

म्हणूनच पुण्या-मिरजेचे काम अधिक कठीण. पुण्यातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पदरी एक तांबट तांब्याचे ठसे कोरायला शिकला होता. नाना फडणविसांच्या मनात त्याच्याकडून भगवद्गीता कोरवून छापायचे होते, पण १८०० मध्ये ते वारले. पुढे मिरजेला गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाने हे काम झाले आणि १८०५ मध्ये गीता छापून निघाली. येथे एका बाजूला शुद्ध पाठ जाणणारा, दुसऱ्या बाजूला हातात कोरणी धरणारा. एखादा काना किंवा अनुस्वार चुकला तर तेवढे तांबे मागून ठोकून वर आणायचे, घासायचे आणि पुन्हा कोरायचे.

त्याच १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले. त्यातील देवनागरी अक्षरे सुट्या खिळ्यांची होती. एक पान छापून झाले की तेच खिळे सोडवून दुसऱ्या पानाला जुळवता येत. मिरजेच्या पत्र्यावर मात्र गीतेचे तेवढेच पान छापता येत होते.