जुन्या आळीतले नवे घर

डोंबिवली पूर्वेस रामनगर, टिळकनगर या भागांत नोकरदार मध्यमवर्गाने ज्या चाळी, बंगल्या आणि दुमजली-तिमजली इमारती उभ्या केल्या, त्यांतील अनेकांचे इमले आता जीर्ण झाले असून, २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीच्या आधारे त्यांच्या जागी उंच मनोरे उठत आहेत. गळक्या छपराखाली राहणाऱ्यास पूर्ववैभवाचा उपदेश करणे मला क्रूरपणाचे वाटते; पुनर्विकास अपरिहार्यच आहे. तथापि जेथे ओट्यावर संध्याकाळी वृद्ध मंडळी बसत आणि कुंपणावरून प्राजक्ताचा सडा रस्त्यावर पडे, तेथे सगळा तळमजला वाहनांच्या स्वाधीन करून लोखंडी फाटक ठोकले, की घराचा आणि आळीचा संबंधच तुटतो.

वास्तुविशारदाने मनावर घेतल्यास हे टळू शकते. शेजारच्या घरांच्या दर्शनी रेषेशी नव्या इमारतीची रेषा जुळवावी, वरचे मजले किंचित मागे सारावेत, खिडक्यांवर कोकणच्या तिरप्या पावसाला पुरे पडतील असे रुंद छज्जे द्यावेत, आणि जुनी विहीर व झाडे प्रथम नकाशात दाखवून मग खांबांच्या जागा ठरवाव्यात.

गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांनी पुनर्विकासाच्या करारनाम्यावर सही करण्यापूर्वी चटईक्षेत्राच्या आकड्याइतक्याच काळजीने रस्त्याकडील दर्शनी नकाशाही मागून पाहावा.