व्याह्यांची गोळी आपल्याला चालेल का?

"आमच्या व्याह्यांना डॉक्टरांनी रोज एक ॲस्पिरिन दिलीय. मीही सुरू करू का?" गेल्या बाजारी औषधाच्या दुकानापुढे एका गृहस्थांनी आम्हाला विचारले. वय साठीच्या पुढे, अंगाने धडधाकट. छातीत कधी कळ आली नाही. पण व्याह्यांचे पाहून धास्ती बसलेली. पट्टी विकत घेऊन खिशातही टाकली होती.

गोळी जुनीच. जर्मनीत १८९७ साली ती तयार झाली आणि पुढे कित्येक वर्षे अंगदुखी-तापावरच खपली. तिने रक्त पातळ होते असे आपण म्हणतो. खरे तर तसे होत नाही. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. विळा लागून बोट कापले, की हे कण एकमेकांना चिकटून जखमेचे तोंड बुजवतात. हृदयाच्या नळीत साचलेला चरबीचा थर फुटला, तर तेथेही ते तसेच चिकटतात आणि पाटात गाळ अडकावा तसे रक्त अडते. ॲस्पिरिन हा चिकटपणा मोडते. मग तो कण असेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, चिकटपणा परत येत नाही.

व्याह्यांना झटका येऊन गेलेला आहे. अशांना ही गोळी हवीच. १९८८ साली झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांवर झालेल्या पाहणीत ॲस्पिरिन दिलेल्यांत मृत्यू शेकडा २३ ने कमी झाले. नळीत स्टेंट बसवलेल्यांनी तर दात काढायचा असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.

धडधाकट माणसाचा हिशेब निराळा. २०१८ साली ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ वृद्धांची पाहणी प्रसिद्ध झाली. रोज गोळी घेऊन हृदयविकार फारसा टळला नाही. मोठा रक्तस्राव मात्र हजारी २८ ऐवजी ३८ जणांना झाला. साठीनंतर नव्याने ही गोळी सुरू करू नये, असे अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०२२ साली सांगितले.

आपल्याकडे धोका आणखी वाढतो. गुडघे दुखतात म्हणून उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या, त्यात कोणाला दारूची सवय. वर ॲस्पिरिन पडली की जठराला जखम व्हायला कितीसा वेळ? शौचास डांबरासारखी काळी झाली तर पोटात रक्त जात असेल. तडक दवाखाना गाठावा. डेंग्यूचा संशय असता किंवा लेकरांच्या तापात ही गोळी देऊच नये. अर्धांगवायूच्या झटक्यातही घरच्या घरी देऊ नये. मेंदूत गुठळी अडकली की रक्तस्राव झाला, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

त्या गृहस्थांना आम्ही विचारले, "रक्तदाब कधी मोजलात?"

"आजारी पडलोच नाही, तर मोजायचा कशाला?"

उपकेंद्रात नेले. दोनदा मोजला, दोन्ही वेळा १७० च्या वर. एवढ्या दाबात ॲस्पिरिन घेतली असती, तर मेंदूत रक्तस्रावाची भीती. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाची गोळी चालू केली आणि तंबाखू सोडायला सांगितले. ॲस्पिरिनची पट्टी त्यांनी दुकानदाराला परत केली. तंबाखूची डबी अजून खिशात आहे.