दोन वर्षांनंतरची वाट

अमेरिकेत चार वर्षांचे पदवीशिक्षण दोन ठिकाणी विभागून घेता येते. पहिली दोन वर्षे घराजवळच्या, कमी शुल्काच्या 'कम्युनिटी कॉलेजा'त काढावयाची आणि पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावयाचा. या प्रथेचा आरंभ इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली झाला. कॅलिफोर्नियाने १९६० च्या बृहद् योजनेत तिला व्यापक रूप दिले. विद्यापीठांत थेट प्रवेश गुणवत्तेनुसार मर्यादित राहिला. कम्युनिटी कॉलेजे मात्र सर्वांना खुली झाली.

परंतु प्रवेश मिळणे निराळे आणि पदवीपर्यंत पोहोचणे निराळे. प्रत्येक विषयाला ठरावीक श्रेयांक असतात. विद्यापीठाने ते मान्य केले नाहीत, तर शिकलेलाच विषय पुन्हा शिकावा लागतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला असे एखादे जादा सत्रही परवडत नाही आणि शिक्षण अर्धवट सुटते.

ही अडचण दूर करण्यासाठी कॅलिफोर्नियात २०१० साली कायदा झाला. ठरवून दिलेल्या अभ्यासक्रमाचे साठ श्रेयांक मिळवून ही विशेष पदविका घेणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठात तिसऱ्या वर्षाचे स्थान मिळते. ते घराजवळच्याच परिसरात मिळेल, अशी हमी मात्र कायदा देत नाही.